कॅप्टनचा पंचनामा

ट्रेसरभाऊंनी उभ्या आयुष्यात एकही रेघ स्वतःच्या मनानं मारली नाही, आणि ही गोष्ट ते कुणालाही, कुणी विचारलं नसतानाही, सांगत. आलापल्लीच्या पुढं सागवानाच्या जंगलात एका लहानशा गावी आमची जंगल खात्याची कचेरी होती. मी तिथं कारकून म्हणून लागले, पहिलीच नोकरी. ते माझ्या आधीपासून तिथं नकाशे ट्रेस करायला होते. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालची रेघ वर उतरवायची, एवढंच काम. पण ते करताना ते श्वाससुद्धा जपून घेत. त्यांचं खरं नाव हजेरीपटात होतं आणि तिथंच राहिलं. साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांसाठी ते ट्रेसरभाऊ.

चंद्रपूरच्या जुन्या वस्तीत त्यांच्या अब्बांचं पत्र्याच्या ट्रंका रंगवायचं दुकान होतं. एका नवरीच्या ट्रंकेवर गुलाब काढ, असं अब्बांनी सांगितलं. यांनी विचारलं, कोणता गुलाब? अब्बा म्हणाले, कोणताही. आता ‘कोणताही’ गुलाब यांना काही केल्या काढता येईना. शेवटी शेजाऱ्याच्या कुंडीतला तोडून समोर ठेवला. त्याची एक पाकळी किड्यानं खाल्लेली होती, ती यांनी तशीच काढली, किड्यासकट. नवरीकडचे ट्रंक घेऊन परत आले. त्यानंतर अब्बांनीच म्हणे खटपट करून याला सरकारी नोकरीत चिकटवला, कारण तिथं स्वतःचं मन वापरावं लागत नाही असं त्यांचं मत होतं.

कचेरीच्या मागं कर्मचाऱ्यांचा क्लब होता. क्लब म्हणजे एक खोली, एक कॅरम आणि चौदा इंची काळा-पांढरा टीव्ही. दर रविवारी सकाळी त्यावर अंतराळातली एक मालिका लागायची. एक कॅप्टन, त्याचं यान, त्याच्या मागं लागलेले शत्रू आणि परत पृथ्वीवर जायची त्याची धडपड. सिग्नल इतक्या लांबून यायचा की येताना निम्मा वाटेतच सांडायचा. आम्ही सगळे पडद्यावरच्या मुंग्यांमधून कॅप्टनला शोधत बसायचो, आणि सापडला की तेवढंच समाधान.

एकदा मडावी नावाचा बीट गार्ड डाक घेऊन आला होता, त्यानं एक भाग पाहिला. त्याचं गाव आत जंगलात, वीज नाही, रस्ता नाही. पंधरा दिवसांनी परत आला तो थेट ट्रेसरभाऊंच्या टेबलाशी. कॅप्टनचं पुढं काय झालं, म्हणून विचारू लागला. ट्रेसरभाऊंना तोंडानं गोष्ट सांगता येत नसे. दोनदा सुरुवात करून ते अडले आणि म्हणाले, “थांब, दाखवतो.” आणि मुदत संपलेल्या प्रिंटच्या कागदांपैकी, जे नाहीतरी फेकायचेच होते, एक ओढून त्यांनी चौकटी आखायला घेतल्या.

अशी आमच्याकडं त्या मालिकेची चित्रकथा निघू लागली. मूळ प्रत पारदर्शक कागदावर, आणि त्यावरून अमोनियाच्या यंत्रात सात प्रती. जांभळ्या रेघा आणि डोळ्यातून पाणी काढणारा वास. सात गावांना गार्डांबरोबर त्या जायच्या, आणि तिथं वाचता येणारा कुणीतरी झाडाखाली बसून सगळ्यांना वाचून दाखवायचा.

पण त्यात काय असायचं, ते सांगायलाच हवं. ट्रेसरभाऊ जे दिसलं ते काढत. म्हणजे अगदी जे दिसलं तेच. सिग्नल खराब असला की टीव्हीवर प्रत्येक माणसाच्या उजव्या बाजूला त्याचीच एक पुसट आकृती दिसते. ट्रेसरभाऊंच्या चित्रकथेत कॅप्टनच्या उजव्या बाजूला कायम एक पुसट कॅप्टन उभा असे. मुंग्या आल्या तर मुंग्या. चित्र वर सरकायला लागलं तर कॅप्टनचे पाय वर आणि डोकं खाली, मध्ये काळा पट्टा. आवाज गेला तर बोलण्याचा फुगा रिकामा. एकदा प्रसारणच थांबलं आणि दिलगिरीची पाटी आली, तर तीही एका चौकटीत. गावातल्या लोकांनी तो जंगल खात्याचा नाका आहे असं ठरवलं, आणि कॅप्टनजवळ वाहतूक परवाना नसणार म्हणून त्याची फार काळजी केली.

मी एकदा सांगून पाहिलं की भाऊ, तो दुसरा कॅप्टन खरा नाही, अँटेनाचा दोष आहे. ते म्हणाले, “बाई, तो मले दिसला. तुमाले बी दिसला. आता तो खरा का खोटा, हे मी कोन ठरवनार?”

प्रत्येक पानावर नकाशासारखं प्रमाण असे, सूचिका असे, आणि उत्तर दिशेचा बाण असे. अंतराळात उत्तर कुठली, यावर मी त्यांच्याशी आठवडाभर भांडले. त्यांनी शांतपणे होकायंत्र आणून टीव्हीवर ठेवलं. टीव्ही खोलीच्या पूर्वेच्या भिंतीला होता, म्हणून चित्राची डावी बाजू उत्तर आणि उजवी दक्षिण. झालं. त्यामुळं वाचकांना पक्कं माहीत झालं की कॅप्टन पळतो तो नेहमी सिरोंचाकडे आणि शत्रू येतात ते नेहमी नागपूरकडून. तपासणीला येणारे सगळे साहेबही तिकडूनच येत असल्यामुळं यात कुणाला नवल वाटलं नाही.

आणि साबणवाली बाई. तिच्याबद्दल सांगितल्याशिवाय काहीच पुरं होणार नाही. ट्रेसरभाऊंची पहिली मागणी अशी होती की टीव्हीच्या काचेवरच पारदर्शक कागद चिकटवू द्या, म्हणजे बरोबर उतरेल. क्लबातले लोक अंगावर धावून गेले. शेवटी तोड अशी निघाली की जाहिराती लागतील तेवढ्या वेळात त्यांनी काचेवर कागद लावावा. परिणाम असा झाला की कॅप्टन बाकावरून पाहून, आठवणीनं काढलेला, बोटाएवढा. आणि कपडे धुण्याच्या साबणाच्या जाहिरातीतली बाई मात्र काचेवरून जशीच्या तशी उतरलेली, पानभर, पापणीचा केसन् केस. दर अंकात, नेमकी शत्रूनं घेरल्यावर, ती पांढरीशुभ्र साडी नेसून यायची, हसायची, वडी दाखवायची आणि जायची. पुढच्या चौकटीत कॅप्टन सुटलेला असायचा. सातही गावांत तिला फार मान होता. ती कॅप्टनची थोरली बहीण आहे आणि खरी शक्ती तिच्याजवळ आहे, हे कुणी सांगायची गरजच पडली नाही.

माझा या प्रकरणात शिरकाव कसा झाला? नकाशाखाली दोन सह्या लागतात. काढणाऱ्याची आणि तपासणाऱ्याची. ट्रेसरभाऊ बिनतपासलेला कागद कचेरीबाहेर जाऊ देत नसत. सोमवारी सकाळी ते माझ्या टेबलावर कॅप्टन आणून ठेवत आणि ‘पाहून काढले’ या त्यांच्या सहीशेजारी माझी ‘तपासले’ अशी सही मागत. न पाहता सही करायला मी नकार दिला, ही माझी चूक. त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवसापासून क्लबात पहिल्या बाकावर माझी जागा ठरून गेली. माझे एक वर्षाचे सगळे रविवार त्या मुंग्यांमध्ये गेले. केस धुवायचे राहायचे. चिडायचे मी, पण एकदाही चुकवला नाही, हेही खरं.

मग मालिकेचा शेवटचा भाग आला. कॅप्टनचं यान सूर्याकडं ओढलं जात होतं. पृथ्वी समोर दिसत होती, इंधन संपलं होतं. साबणवाली बाई येऊन गेली होती. कॅप्टननं एका दांड्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि लाईन गेली. लाईन आली तेव्हा टीव्हीवर एक गृहस्थ सोयाबीनवरच्या किडीची माहिती देत होते.

सोमवारी ट्रेसरभाऊंनी शेवटचा अंक काढला. दांड्यावरच्या हातापर्यंत सगळं, आणि मग एक मोठी चौकट. तिला प्रमाण होतं, उत्तरेचा बाण होता, आणि आत काहीच नव्हतं. खाली ठळक अक्षरात लिहिलेलं: निरीक्षण झाले नाही. मी सही केली. खरंच होतं ते.

सात गावांतून सात निरोप आले. काहींनी रागानं, काहींनी काकुळतीनं विचारलं. ट्रेसरभाऊंनी दिल्लीला टीव्हीवाल्यांच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. ‘कॅप्टन हयात आहे किंवा कसे, ते कृपया उलट टपाली कळवावे.’ मीच टाईप केलं, दोनदा स्मरणपत्रही पाठवलं. उत्तर आलं नाही. कागदाला उत्तर येत नाही हे मला नोकरीच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं, पण त्यांना ते कधीच पटलं नाही.

आणि एका बाजाराच्या दिवशी सुकलीबाई आली. मडावीच्या गावची, केस पिकलेली, खांद्यावर टोपली. इतक्या लांबून चालत आली होती आणि टोपली खाली ठेवायच्या आधीच ट्रेसरभाऊंच्या टेबलापुढं उभी राहिली.

“तो जित्ता हाये का मेला, येवढं सांग गा,” ती म्हणाली. “नवा जवळ आला. त्याचं पान कुठी मांडू?”

नवा म्हणजे नव्या धानाचा पहिला घास खायचा दिवस. त्यांच्या गावात त्या दिवशी घरच्या प्रत्येकासाठी पळसाचं पान मांडतात. बाहेरगावी असला तरी जिवंत माणसाचं पान घरात, चुलीच्या बाजूला. गेलेल्याचं पान देवाजवळ, पूर्वजांच्या रांगेत. गेल्या नव्याला कुणीतरी सहज कॅप्टनचं एक पान मांडलं होतं, घरापासून लांब अडकलेला माणूस म्हणून. आता ते पान यंदा कुठल्या रांगेत जायचं, हा प्रश्न होता. चुकीच्या रांगेत मांडलं तर वाईट. जिवंत माणसाला पूर्वजांत बसवणं म्हणजे त्याला आपल्या हातानं मारणं, आणि मेलेल्याला जिवंतात बसवलं तर तो वाट चुकून फिरत राहतो.

ट्रेसरभाऊ खुर्चीतून उठून उभे राहिले. “बाई, मी पायलंच नाई. लाईन गेली. न पायलेली रेघ मी कशी मारू?”

सुकलीबाईनं खांद्यावरची टोपली सावरली. मग ती बाजारात गेली.

दुपारी त्यांनी डबा उघडला नाही. मी विचारलं की भाऊ, काढा ना एक साधं उतरलेलं यान, कुणाचं काय जातं? तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी कचेरीत कुणालाच माहीत नव्हती. नोकरीला नवीन असताना एका नकाशाचा कोपरा त्यांना फार ओकाबोका वाटला, म्हणून त्यांनी तिथं एक नाला काढला. बोटभर लांब, एक छान वळण दिलेला. पुढच्या उन्हाळ्यात वणवा अडवायची जाळरेषा साफ करायला गेलेले मजूर त्या नाल्याच्या भरवशावर पाणी न घेता गेले. संध्याकाळपर्यंत ओठ फुटून परत आले. कुणाला काही झालं नाही, साहेबालाही कळलं नाही. फक्त एक म्हातारा मजूर नकाशा घेऊन यांच्याकडं आला आणि त्यानं विचारलं, भाऊ, हा नाला कुठी गेला? तो रागावला नव्हता, खरंच विचारत होता. ते ऐकताना त्यांची इतके दिवस केलेली टिंगल मला पहिल्यांदा लागली.

पण माझा स्वभाव असा की वाईट वाटलं की मी चिडते. मी म्हटलं, तुम्ही नाही पाहिलं ना, मग करा पंचनामा. आपल्या खात्यात साहेबानं कुठं काय पाहिलेलं असतं? झाड कुणी तोडलं, बैल वाघानं कुठं मारला, पाच पंच सांगतात, अंगठे देतात, आणि तेच खरं धरून नकाशा निघतो. मी टोमणा मारला होता. ट्रेसरभाऊंनी डबा उघडला आणि सगळी भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी पाहते तो ते मोजणीची जरीब, होकायंत्र आणि कोरे कागद सायकलला बांधून दारात उभे.

“चला,” ते म्हणाले. “पंचनामा लिवाले कारकून लागते.”

मी का गेले, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. अर्धी वाट सायकलवर आणि अर्धी पायी, ऊन डोक्यावर. मडावीच्या गावात पोचताच लोक जमले. गावचा गायता, म्हणजे देवाचं पाहणारा म्हातारा, मडावी, सुकलीबाई आणि आणखी दोघं असे पाच पंच बसले. ट्रेसरभाऊंनी सगळ्यांना बजावलं की ज्यानं जे पाहिलं असेल तेच सांगायचं, मनचं एक अक्षर नको.

गायत्यानं सांगितलं की त्या रविवारी सकाळी गावाच्या शिवेवर मोठा आवाज झाला. ट्रक? नाही, ट्रकला तिकडं वाट नाही. कुठल्या दिशेनं? नागपूरकडून. दुसऱ्या पंचानं त्याच दिवशी गवत दबलेलं पाहिलं होतं. आम्ही सगळे जाऊन आलो. गवत दबलेलं होतं, आणि ते रानडुकरांनी लोळून दाबलं होतं हे माझ्यासारख्या शहरातल्या मुलीलाही कळत होतं. ट्रेसरभाऊंनी जरीब टाकून ते मोजलं आणि चित्रकथेतल्या यानाच्या प्रमाणाशी ताडून पाहिलं. दोन पावलं कमी भरलं. त्यांचा चेहरा पडला. तेव्हा मडावी म्हणाला की इतक्या लांबून आलेलं यान, वाटेत थोडं झिजलं असेल. ट्रेसरभाऊंनी विचार केला आणि मला लिहायला सांगितलं: झीज, दोन पावले.

“आनि तो सोता?” त्यांनी विचारलं. “त्याले कोनं पायलं?”

पंच एकमेकांकडं पाहू लागले. मी कागदावरून मान वर केली. ट्रेसरभाऊ पेन्सिल कागदावर टेकवून थांबले होते. आतापर्यंत आवाज झाला होता, गवत दबलं होतं, पण माणूस पाहिल्याशिवाय माणूस काढता येणार नव्हता.

“म्या पायलं,” सुकलीबाई म्हणाली. “शिवेवर बसून व्हता. थकला व्हता. म्या पानी देल्लं, त्यानं पेलं.”

“काय बोलला?”

“काई नाई. पानी पेताना कोन बोलते?”

“मंग कुठी गेला?”

“घरी गेला. त्याची बहीन आली व्हती न्याले. पांढरं लुगडं.”

मी लिहिलं. पाच अंगठे उठले. परतताना वाटभर ट्रेसरभाऊ अधूनमधून थांबून कागद सुखरूप आहे ना ते पाहत. नव्याच्या आधी तीन दिवस खरा शेवटचा अंक निघाला. शिवेवर बसलेला कॅप्टन, हातात पाण्याचा तुंबा, शेजारी दुसरा पुसट कॅप्टन, त्याच्याही हातात पाण्याचा तुंबा. बोलण्याचा फुगा रिकामा. खाली ‘पाहून काढले’ याऐवजी त्यांनी लिहिलं, ‘पंचनाम्यावरून काढले’. मी सही केली. नोकरीत पुढं हजारो सह्या केल्या, त्यातल्या बहुतेक न पाहताच. ही एक मात्र मी मनापासून केली. त्या वर्षी कॅप्टनचं पान चुलीच्या बाजूला मांडलं गेलं.

पुढं माझी बदली चंद्रपूरला झाली, लग्न झालं, नवऱ्याची नोकरी वीज केंद्रात म्हणून ऊर्जानगरात क्वार्टर मिळालं. ट्रेसरभाऊ निवृत्त होऊन अब्बांच्या जुन्या घरी राहत. आणि एके दिवशी कळलं की ती मालिका केबलवर परत लागते आहे आणि या रविवारी शेवटचा भाग आहे. मी त्यांना निरोप धाडला. वीज जिथं तयार होते तिथंच बसून पाहू, म्हटलं, आता काही जात नाही.

ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. रंगीत टीव्हीपुढं बसले आणि पहिल्या मिनिटापासून नाराज. कॅप्टनचे कपडे निळे आहेत हे त्यांना पटेना. दुसरा कॅप्टन कुठं गेला, हेही त्यांनी विचारलं. मी ‘श्श’ केलं. मला त्या दांड्याचं पुढं काय होतं ते इतकी वर्षं पाहायचं होतं. यान सूर्याकडं ओढलं जाऊ लागलं. पृथ्वी दिसली. कॅप्टननं दांड्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि ट्रेसरभाऊंनी उठून टीव्ही बंद केला.

मी खुर्चीतून ताडकन उठले. काय बोलले ते आठवत नाही, पण चांगलं बोलले नसणार. ते टीव्हीच्या बटणावर हात ठेवून उभे होते.

“दर नव्याले त्याचं पान जित्याईत मांडते तिथी,” ते म्हणाले. “इथी तो मेला असन तं मी काय करू? पाच जनाचे अंगठे हायत बाई. खाली तुमची बी सही हाये.”

मी परत खुर्चीत बसले. पण तेवढ्यात आम्हा दोघांच्या लक्षात आलं की शेजारच्या क्वार्टरमध्ये तीच मालिका लागली आहे आणि भिंतीतून संगीत ऐकू येतं आहे. मग संगीत थांबलं; कॅप्टननं तिकडं काहीतरी बोलायला तोंड उघडलं असावं.

मी धावत स्वयंपाकघरात गेले आणि मिक्सर लावला. भांड्यात काही नव्हतं. ट्रेसरभाऊही मागोमाग आले आणि कान लावून भिंतीचा अंदाज घेत हातानं खुणावू लागले, अजून, अजून. शेजारचा भाग संपेपर्यंत आम्ही दोघं तिथं उभे राहून रिकामा मिक्सर फिरवत होतो.